दगडाचं की शिंपल्याचं

"काका, दगडाचंच आहे ना हे? नीट बघून सांगा," कंपनीत गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या बाई दम खात म्हणाल्या. दोन जिने उतरून त्या गोदामात आल्या होत्या आणि गुडघे कुरकुरत होते.

गोदामवाल्या काकांनी वही पुढे केली. 'चुना, चाळीस गोणी.' सोयाबीनच्या दुधात घालायच्या कॅल्शियमला काका वीस वर्षं चुनाच म्हणत. गिऱ्हाइकाला चुना लावण्याचा विनोद इतका शिळा झाला होता की आता कुणी हसायचीही तसदी घेत नसे.

"चुना म्हणजे दगडच ना?"

"आधी होता. खाणीतला. पाच महिन्यांपूर्वी माल देणारा बदलला. हा शिंपल्यांची कवचं दळतो. आतला जीव खाणारे खातात, कवच याच्याकडे येतं. पांढरं ते पांढरंच, ताई. मी आपलं चुना लिहिलं."

त्या वहीच्या भरवशावर बाईंनी पाच महिने छातीठोकपणे 'दगड' सांगितलं होतं. दिवसभर झाकण उघडत नाही, दूध फाटलं, अशा रडगाण्यांत एकच फोन त्यांना आवडायचा. त्या आजींनी तीस वर्षांत प्राण्याचं काही तोंडात घातलं नव्हतं. कंबरेचं हाड मोडल्यावर डॉक्टरांनी कॅल्शियम लावून दिलं, म्हणून त्या हे सोयाबीनचं दूध पीत. नवा खोका फोडला की आजी फोन करून विचारत, "बाई, कुणाचा जीव नाही ना गेला यात?" आज सकाळी त्यांनी आणखी एक विचारलं होतं. नव्या खोक्यावर 'समुद्राची देणगी' छापलंय, ते काय?

वर कचेरीत साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, तेही उभ्या उभ्या.

"नैसर्गिक आहे म्हणा. खोटं थोडंच आहे?"

"त्या ते विचारत नाहीत, साहेब."

"बाई, तुमच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. एका म्हातारीपायी कशाला नसता ताप?"

बाई जागेवर येऊन बसल्या. त्यांना मनापासून कंटाळा आला होता. साहेबांचा, काकांच्या वहीचा आणि स्वतःच्या गोड आवाजाचाही. त्यांनी आजींना फोन लावला.

"आजी, शिंपल्यांचं आहे ते. पाच महिने झाले. मी तुम्हाला चुकीचं सांगत आले."

पलीकडून आजींनी लगेच विचारलं,

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही हो. आज कळलं."

"रोज दोन पेले प्यायले मी." आजी म्हणाल्या. "आता काय पिऊ, बाई?"

याचं उत्तर टेबलावरच्या, ठरलेली उत्तरं छापलेल्या कागदावर नव्हतं. बाईंनी मागचं कपाट उघडलं. तुलनेसाठी आणलेली दुसऱ्या कंपन्यांची दुधं तिथं धूळ खात होती. एकेका खोक्याची पाठ त्या डोळ्यांजवळ धरून वाचू लागल्या. पहिल्यावर कॅल्शियमचा उगमच लिहिलेला नव्हता. दुसऱ्यावरही नाही. फोनचे दिवे लुकलुकत राहिले. साहेब काचेपलीकडे येऊन उभे राहिले आणि बोटाने काच वाजवू लागले.

चौथ्या खोक्यावर 'खाणीतील चुनखडीपासून' असं स्पष्ट होतं. बाईंनी साहेबांकडे एकदा पाहिलं.

"आजी, पेन घ्या," त्या म्हणाल्या, आणि आजींना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्याने, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून त्या दुसऱ्या कंपनीचं नाव सांगू लागल्या.