दिलसराचं कपाळ

ओखरे गावच्या चढावर हस्तबीर मगर या हमालाइतकं ओझं वाहिलेला दुसरा माणूस नव्हता, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी कुणालाच पटलेली नव्हती. गावातले निम्मे पत्रे, पिठाची चक्की, आरोग्य चौकीतली लोखंडी खाटसुद्धा त्याच्याच पाठीवरून वर आली होती. ओझ्याचा डोको, म्हणजे बांबूची खोल टोपली, पाठीवर आणि त्याचा पट्टा, नामलो, कपाळावर. त्या पट्ट्यानं एवढ्या वर्षांत त्याच्या कपाळात बोट बसेल अशी आडवी खाच पाडली होती, आणि लग्नकार्यात टोपी जरा मागे सारून तो ती मिरवीत असे. पण त्याचा खरा तोरा वेगळाच होता. त्याची लेक दिलसरा गावच्या शाळेत मास्तरीण होती, आणि तिच्या कपाळाला नामलो कधी शिवलासुद्धा नव्हता. बायको ओझी वाहता वाहताच खंगून गेली, तिला नदीकाठी पोचवून घरी आल्यावर त्यानं तिचा नामलो चुलीत घातला होता आणि शेजारी झोपलेल्या तान्ह्या पोरीकडे बघून म्हटलं होतं, हा पट्टा आता या घरात माझ्यापाशीच संपला.

दगा दिला तो गुडघ्यांनी. यंदाच्या पावसाळ्यात ते इतके सुजले, की सकाळी अंथरुणातून उठायला त्याला खांब धरावा लागे. आरोग्य चौकीतल्या बाई म्हणाल्या, सांध्यातली गादी झिजलीय, ओझं सोडा. "सोडून काय करू, भजनं म्हणू?" असं म्हणत तो उठला, तेव्हा गुडघे असे कडकडले की बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

बाजारातून गावाकडे येताना निम्म्या चढावर पिंपळाखाली एक चौतारी आहे, दगडी पार. सगळे हमाल तिथं डोको टेकवतात. पुन्हा उचलताना देवाचं नाव घ्यायचं, नाहीतर तोंड मिटून उचलायचं. जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, अशी तिथली रीत आहे, आणि ती का आहे हे कुणी कुणाला विचारत नाही. एके दिवशी मिठाचं पोतं पाठीवर घेऊन हस्तबीर उठू लागला आणि गुडघे हलेनात. दोनदा प्रयत्न झाला. सोबतचे हमाल बघताहेत, आता हा बसला तो कायमचा, असं त्यांच्या डोळ्यांत दिसतंय, आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "दिलसरा". पोतं उचललं गेलं.

त्याच्याबरोबर जन्मभर ओझी वाहिलेली जुनमाया म्हणाली, "काय रे, देव संपले का? पोरीला कशाला हाक मारतोस?"

"देवांना काय कमी हाका मारल्या, दिदी? माझी लेक त्यांच्यापेक्षा शिकलेली आहे."

सगळे हसले. जुनमाया हसली नाही. "शिकलेलीच राहू दे तिला," एवढं बोलून ती पुढं निघाली.

मग हस्तबीरला तो नादच लागला. ओझं उचललं की लेकीचं नाव. गुडघ्यांची सूज उतरली, कडकड थांबली, विशीतल्या पोरासारखा तो चढ चढू लागला. दाढी करताना आरशात बघितलं तर कपाळावरची खाचसुद्धा भरत चालली होती. उतारवयात चेहरा भरतो, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दिलसरानं मात्र कपाळावर बटा सोडायला सुरुवात केली, चुलीपाशी उकिडवं बसायचं सोडून ती स्टूल घेऊ लागली, आणि शाळेची पायरी चढताना भिंतीला हात लावू लागली. शहरात शिकलेल्या पोरींच्या तऱ्हा, तो कौतुकानं म्हणे.

दसईंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, टिळ्याच्या आदल्या दिवशी शाळेचं सिमेंट आणायचं होतं. लेकीच्या शाळेचं सिमेंट, ते दुसऱ्या कुणाच्या पाठीवरून आलं असतं तर त्याला जेवण गोड लागलं नसतं. जवान पोरं एकेक पोतं घेत होती. त्यानं दोन मागितली.

"म्हातारा मरतोय आता," एक जण म्हणाला.

"तुझ्या लग्नात नाचून मग मरेन," हस्तबीर म्हणाला, आणि भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं लेकीचं नाव घेऊन उठला. चौतारीवरसुद्धा तो टेकला नाही. शाळेच्या अंगणात दोन्ही पोती उतरवली तेव्हा त्याला दमही लागला नव्हता. आपल्यासारखा बाप या डोंगरात नाही, असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, नवी टोपी घालून तो लेकीला टिळा लावायला बसला. ताटात दह्यात कालवलेले लाल तांदूळ, बाजूला जवाचे पिवळे अंकुर. दिलसरा समोर आली, खांबाला धरून हळूहळू खाली बसली, आणि बसताना तिचे गुडघे कडकडले. तो आवाज हस्तबीरच्या चांगल्या ओळखीचा होता. चिमूटभर तांदूळ घेऊन त्यानं दुसऱ्या हातानं तिच्या बटा वर सारल्या आणि टिळा लावला. बोट आत गेलं. आडवी, गुळगुळीत, जुनी खाच होती. बोट तिच्यात नेमकं बसलं.

दिलसरानं डोळे मिटले होते, आणि चेहऱ्यावर तोच तोरा होता, जो तो जन्मभर आरशात बघत आला होता.

"बा," ती हळूच म्हणाली, "कालच्यासारखं न टेकता नका येऊ. चौतारीवर घटकाभर बसत जा."