वायर काढलेली बेल

मी एक जुनी बेल आहे. झाडाची नव्हे, दारावरची. माझं बटण बाहेर जिन्याकडे आणि डबी आत खोलीत, त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजूंचं मला कळतं. मित्रांनो, हे आपलं भाग्य आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता थकायला होतं.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तपासणाऱ्या बाईंनी मला दोनदा वाजवलं आणि "हिचा गळा चांगला आहे" म्हणून खोक्यात घातलं. तेवढ्या कौतुकावर मी अकरा वर्षं काढली. दूधवाला, घरमालक, बटण दाबून पळणारी वात्रट कार्टी, सगळ्यांसाठी सारख्याच इमानाने वाजले.

मग एक मुलगी या खोलीत भाड्याने राहायला आली. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शिक्षणासाठी कर्ज काढलेलं, जामीन म्हणून मोठ्या भावाची सही. सुरुवातीला मी वाजले की ती ओले हात पुसत धावत यायची. पुढे पगार रखडू लागला. हप्ता भरायला तिने दुसरं कर्ज घेतलं, तेही थकलं, आणि दारात वसुलीवाला उभा राहू लागला. तोही तिच्याच वयाचा, घामाघूम झालेला. "मॅडम, माझ्या डोक्यावर पण साहेब बसलेत हो," म्हणायचा. पण आवाज असा लावायचा की तिन्ही मजल्यांना कळावं.

तेव्हापासून मी वाजले की ती पंखा बंद करायची, श्वास रोखून भिंतीला टेकायची. जेवण अर्धं टाकायची. अंगावरचे कपडे सैल झाले. एकदा पार्सलवाल्याने चुकून आमचं बटण दाबलं, तर तिच्या हातातला कप पडून फुटला. माझ्या आवाजाला कोणी एवढं भ्यावं, याचं मला फार वाईट वाटलं.

एका रविवारी ती स्टुलावर चढली, माझं झाकण उघडलं आणि एक वायर ओढून काढली.

तिला वाटलं, आता वसुलीवाला तेवढा बाहेर राहील. पण बटणाला माणसं ओळखता येत नाहीत. कामावरची मैत्रीण तीनदा आली आणि "हिला आता आम्ही नकोसे झालो" असं पुटपुटत गेली. शेजारच्या काकू झाकलेलं ताट घेऊन परत फिरल्या. आत ही म्हणायची, "कुणी फिरकत पण नाही." मला सगळं ठाऊक होतं, पण माझी वाचाच बसली होती.

शेवटी बँकेचं पत्र जामीनदाराला गेलं. दोन गाड्या बदलून भाऊ एका दुपारी आला. त्याने बटण दाबलं, मग दार ठोठावलं.

"छोटे, मी आहे गं. दादा."

ती उठली, कडीपर्यंत आली आणि थांबली. वसुलीवाल्यापेक्षाही याला तोंड दाखवणं तिला जड जात होतं.

"पत्र आलंय मला. ते बघू आपण," तो बंद दाराशी बोलला. "तू आत आहेस ना? एवढंच सांग."

तो पायरीवर बसला. पिशवी मांडीवर घेऊन बसूनच राहिला. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

"दादा, मला बरं वाटत नाही रे," ती म्हणाली. "कितीतरी दिवस झाले."

रागवायचं त्याने वाटेत घोकून आणलं असावं. ते तसंच राहिलं. "किती वाळलीस गं," एवढंच तो बोलला.

कर्ज फिटलेलं नाही. दोघं बँकेत जाऊन आले, हप्ता थोडा लहान झाला आणि वर्षं वाढली. माझी वायर अजून तशीच लोंबते आहे.

मित्रांनो, मला दुरुस्त केलं नाही तरी चालेल. पण ज्या दाराची बेल वाजत नाही, तिथून लगेच परत फिरू नका. आपलं नाव सांगा आणि जरा थांबा. आतल्या माणसाला कडीपर्यंत यायला वेळ लागतो.