डाव्या दरवाजातली लाट

शेडमधून गाडी बाहेर उन्हात ढकलली तेव्हा रोशन गेटच्या त्या गल्लीतली माणसं हातातलं काम सोडून बघत राहिली. साठ-बासष्ट सालची विलायती गाडी, दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नसलेली. नाक लांब, कंबर बारीक, मागच्या चाकांवर पत्रा असा उचललेला की उभी असली तरी निघाल्यासारखी दिसावी. आली होती तेव्हा गंजानं खाल्लेली, जागोजाग चेपलेली, उंदरांनी आत संसार मांडलेली. फारूखनं वर्षभर ठोकून, कापून, जोडून तिचा पत्रा पुन्हा घाटात आणला आणि सांडूनं तिला रंग चढवला. गडद निळा, जवळजवळ काळा.

गाडीचे मालक केशवराव, वकिलीतून निवृत्त झालेले, हात मागं बांधून तिच्याभोवती फिरत होते. हात लावायचाही त्यांना धीर होत नव्हता. लग्न झाल्यावर याच गाडीतून ते बायकोला, भानुमतीबाईंना, अजिंठ्याला घेऊन गेले होते. तसंच पुन्हा एकदा जायचं, एवढीच त्यांची हौस.

भानुमतीबाई डाव्या दरवाजापाशी थांबल्या. ती त्यांची बसायची बाजू.

"अहो, हे इथं पाणी हलल्यासारखं काय दिसतंय?"

गडद रंग म्हणजे आरसाच. गल्लीवरून गेलेली विजेची तार दरवाजात सरळ उमटायला हवी होती. ती मध्यावर येऊन मुरडत होती, वाऱ्यानं तळ्यातली सावली मुरडावी तशी. केशवराव वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मग फारूखकडं पाहिलं.

फारूखला वाकून बघायची गरज नव्हती. पत्र्यातच लाट राहिली होती. ती ठोकणाऱ्याची चूक, रंगवणाऱ्याची नव्हे. हे त्याला लख्ख कळलं, आणि कळता कळताच तोंडातून निघून गेलं, "सांडूनं लांबी नीट वाळू दिली नाय साहेब. रंगाच्या खाली खड्डे बुजवायला भरतात ती लांबी बसली की वरचा रंग असा हलतो."

सांडू पाण्याची बादली घेऊन मागंच उभा होता. त्यानं फारूखकडं एकदा पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, नवलही नव्हतं. मग त्यानं बादली खाली ठेवली.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "घाई झाली माझी."

"कसली घाई?" केशवरावांचा आवाज कोर्टातला झाला. "वर्षभरात मी एकदा तरी तगादा लावला का? फारूखभाई, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण रंगाला आता दुसरा माणूस बघा."

तेव्हा फारूखनं बोलायला हवं होतं. शब्द होता, जिभेवर होता, दातांशी येऊन उभा होता. तो तिथंच उभा राहिला. सांडूनं आपली रंगाची गन, लांबीच्या पट्ट्या, पॉलिशपेपरचे तुकडे पोत्यात भरले, पोतं मोटरसायकलला बांधलं आणि गल्लीच्या वळणावरून निघून गेला. जेवणाचा डबा शेडमध्येच राहिला. उघडलासुद्धा नव्हता.

फारूखचा हात म्हणजे शहरात नाव होतं. पत्रा डोळ्यानं बघायचा नसतो, हातानं वाचायचा असतो, हे त्याला अब्बांनी शिकवलं. बायकोच्या, जोहराच्या, जुन्या ओढणीचा मलमलीचा तुकडा पत्र्यावर पसरायचा, वरून तळहात हळूच न्यायचा, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून न्यावा तसा. केसाएवढा खड्डा बोटांना सांगून जायचा की मी इथं आहे. बाकीचे डेंटर पत्र्यावर काळी पूड उडवतात, घासतात, खोलगट जागी काळं राहतं ते बघून ठोकतात. फारूख त्यांना हसायचा. म्हणायचा, ज्याला बायकोचा चेहरा आठवत नाय त्यानं फोटो खिशात ठेवावा.

मग गेल्या उन्हाळ्यापासून बोटं मुकी होत गेली. आधी शेंडे, मग पेरं. साखर जुनीच होती, तिनं आता हातापायांत बिऱ्हाड केलं होतं. चहाचा उकळता ग्लास तो धरून बसायचा आणि जोहरा ओरडून काढून घ्यायची. एकदा मशिदीतून घरी आला तर एका पायात चप्पलच नव्हती, आणि ती कुठं सुटली हे पायाला माहीत नव्हतं. घरी हे लपलं नाही. शेडमध्ये त्यानं कुणाला सांगितलं नाही. मलमल पसरायचा, हात फिरवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "पास."

त्या संध्याकाळी फारूखनं घरी आणलेला सांडूचा डबा जोहरानं उघडून पाहिला. भाकरी, ठेचा, वर कांद्याची फोड.

"जेवले नाहीत सांडूभाई?"

"नाय."

"बोटांचं सांगितलंत त्यांना?"

फारूख उठून हात धुवायला गेला. पाणी गार की कोमट, तेही त्याला कळलं नाही.

शुक्रवारी गल्ली बंद असते. नमाज पढून तो शेडमध्ये आला, शटर आतून ओढलं आणि दरवाजाचा रंग पत्र्यापर्यंत उतरवला. सांडूनं भरलेली लांबी निघत गेली. निघतच गेली. एवढी जाड का, असं मनात आलं, पण तो विचार त्यानं पुढं जाऊ दिला नाही. मग कपाटामागून काळ्या पुडीचा डबा काढला. शटर लावलेलं असूनही त्यानं आधी मागं वळून पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांना हसला होता, आता स्वतःच्या पत्र्यावर पूड उडवत होता. घासून झाल्यावर दरवाजा समोर आला तो देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखा, ठिकठिकाणी काळा. हेच त्यानं "पास" म्हटलं होतं.

त्यानं डॉली, टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, पत्र्यामागं धरली आणि हातोडी चालवली. पण पुडीनं जागा सांगितली तरी घाव किती बसला हे बोटांनीच सांगायचं असतं. बोटं गप्प, म्हणून त्यानं जास्त मारलं. पत्रा ताणला गेला. अंगठ्यानं दाबलं की आत जायचा, सोडलं की टक् करून बाहेर यायचा, रिकाम्या डब्याच्या झाकणासारखा. असला दुसरा दरवाजा या शहरात तर नव्हताच, शोधूनही कुठं मिळाला नसता. त्या टक् आवाजाशी तो बराच वेळ बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तो मुकुंदवाडीला सांडूच्या घरी गेला. दारात सांडूची बायको साळूबाई तूर पाखडत होती.

"या भाईसाब," ती सुपातून डोळे वर न करता म्हणाली. "जरा जपून उभं ऱ्हावा. आमच्या माणसाला घाई लई असती म्हणं. काय वाळू देत नाय."

"भाभी, सांडू आहे का?"

"हाय की. कुठं जातो? कामावरून काढलेलं माणूस घरीच असतंय."

सांडू आतून आला. त्यानं डबा घेतला, हलवून पाहिला, धुतलेला होता. "बसा," म्हणाला. फारूख बसला नाही.

"सांडू, लांबीचा दोष नव्हता. पत्र्यात लाट होती. माझी."

"ठावं हाय."

"काय ठावं आहे?"

सांडूनं दाराच्या चौकटीला पाठ टेकली. "दिवाळीपसून ठावं हाय. तुम्ही पास म्हणून चहाला जाता. म्या मागून हात फिरवतो, तर लाट असती. मग म्या लांबी जरा जास्त भरायचो. पुढच्या मडगार्डला भागलं, बॉनेटला भागलं. दरवाजात मात्र लई भरावी लागली. वरून वाळली, आतून वली ऱ्हायली, आन् बसली." त्यानं हातातला डबा खाली ठेवला. "तुम्ही साहेबांना खोटं बोलला नाय, फारूखभाई. लांबीच बसली व्हती."

फारूखला वाटलं, यापेक्षा सांडूनं दोन शिव्या दिल्या असत्या तर पेलल्या असत्या. उन्हात उभं राहून त्यानं ज्याच्यावर दोष ढकलला, तो सावलीत उभा राहून इतके महिने त्याचंच झाकत होता.

"मला का नाय बोललास?"

"कसं बोलणार? गन कशी धरायची ते तुम्हीच शिकवलं मला. हाताला हात धरून."

साळूबाईनं सूप खाली ठेवलं. "ह्यो तिकडं तुमची झाकपाक करीत बसला, आन् तुम्ही चार माणसांत ह्याचीच अब्रू उघडी केली. कामून केलं असं, भाईसाब? इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंय तुम्ही."

"भाभी, चुकलं. माफ..."

"ते इथं नका काढू. इथं कोण हाय ऐकायला, म्या आन् ही तूर. जिथं बोलला तिथं बोला."

सांडूनं तिच्याकडं बघून मान हलवली, पुरे म्हणून. मग फारूखला विचारलं, "दरवाजाला हात लावला का तुम्ही?"

"ताणला."

सांडूनं डोळे मिटून घेतले, जसं काही घाव त्याच्याच अंगावर पडला.

केशवराव आणि भानुमतीबाई सोमवारी आले. फारूखनंच निरोप धाडला होता. रविवारभर त्यानं वाक्यं जुळवली होती, साखरेपासून सुरुवात करायची, मग उन्हाळा, मग डॉक्टर. शेडच्या दारात सांडू उभा होता, गल्लीतले दोघंतिघं रेंगाळत होते. त्यांना जायला सांगावं असं फारूखला फार वाटलं. त्यानं सांगितलं नाही.

"साहेब, दरवाजा माझ्यामुळं बिघडला. सांडूचा काही दोष नव्हता. माझ्या बोटांना आता कळत नाय."

एवढंच निघालं. जुळवलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे.

भानुमतीबाई पटकन म्हणाल्या, "साखर आहे का हो तुम्हाला? ह्यांच्या भावाचं असंच झालं." त्यांच्या आवाजात माया होती, आणि ती अंगावर घ्यायची कुठं हे फारूखला समजेना.  केशवरावांनी उघड्या पत्र्याचा दरवाजा अंगठ्यानं दाबला. टक्. पुन्हा दाबला. मग ताठ उभे राहून त्यांनी तोच प्रश्न विचारला ज्याची फारूखला धास्ती होती.

"आणि बाकीची गाडी?"

"सगळी बघावी लागेल."

"कोण बघणार?"

 केशवराव सांडूकडं वळले. म्हणाले, "सांडूराव, मी तुम्हाला परवा जे बोललो ते... तुम्ही हात लावून सांगाल का?"

सांडूनं लगेच पाऊल उचललं नाही. त्यानं आधी फारूखकडं पाहिलं. परवानगीसाठी पाहिलं. इतकं सगळं होऊनही त्याला विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नये, असं त्या माणसाला वाटत होतं. फारूखनं खिशातला मलमलीचा तुकडा काढून त्याच्या हातात दिला.

सांडूनं नाकापासून सुरुवात केली. निळ्याभोर पत्र्यावर मलमल, मलमलीवर तळहात, डोळे मिटलेले.  बॉनेटच्या उतारावर, जिथं लांबी भरून भागवलं होतं तिथं, हात थांबला.

"इथं."

खूण करायला पांढऱ्या कागदी टेपचा तुकडा चिकटवायचा होता. सांडू म्हणाला, "म्या लावतो." फारूख म्हणाला, "नको, मी." त्यानं टेपचं भेंडोळं घेतलं आणि त्याचं टोक शोधू लागला. बोटांखालून टोक दोनदा निघून गेलं. त्याला ते लागतच नव्हतं. गल्लीतले बघत होते. केशवरावांनी नजर दुसरीकडं नेली. भानुमतीबाईंचा हात पुढं आला आणि मागं गेला. फारूखनं भेंडोळं डोळ्यांजवळ धरलं, उजेडात फिरवलं, नखानं खरवडलं. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आला.

सांडू टेपची वाट बघत वाकलेलाच होता. त्यानं त्या जागेवरचा तळहात उचलला नव्हता.