पोटात तळे असलेला दगड

मित्रांनो, मी केळापूरजवळच्या एका गावातला धुण्याचा जुना दगड आहे. तिथल्या डोमाजींच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते, तेव्हा त्यांनी मला नाल्याकाठून बैलगाडीत घालून घरी आणले. डोमाजींच्या पत्नी कांताबाई यांनी चाळीस वर्षे माझ्यावर धुणे धुतले. "ह्या गोट्यावर कपडा फाटत नाई," असे त्या शेजारणींना कौतुकाने सांगत.

मग घरात वॉशिंग मशीन आली आणि माझ्यावर शेवाळ चढले. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा धाकटा मुलगा विक्की नव्या न्हाणीचा पाया भरू लागला. पायात भरायला मला फोडावे म्हणून त्याने घण उचलला.

"काका, काहून फोडतं त्याले?" ओट्यावर अभ्यास करणारी त्याची पुतणी मैत्रेयी म्हणाली. ती बारावीत आहे.

"दगड गेला, मशीन आली. तुयाच पुस्तकातलं इव्होल्यूशन हाय हे!" विक्की हसला आणि त्याने घाव घातला.

माझा कोपरा उडाला. आत नखाएवढे, पीळदार, कितीतरी शंख होते. विक्कीचा हात तिथेच थांबला.

कांताबाई चष्मा सावरत खाली वाकल्या. "ह्या तं गोगलगाई! गोट्यात कशा गेल्या?"

मैत्रेयीचा आवाज एकदम हळू झाला. "आजी, इथं तळं असंल. ह्या मेल्या, गाळात दबल्या, अन् गाळाचा दगड झाला. सहा कोटी वर्षं तरी झाले असतील. माणूस नव्हताच तवा."

मला तळ्याचा गारवा आठवत होता. पण तो इतका जुना आहे, हे मीही प्रथमच ऐकत होतो.

"अन् विक्की म्हनला तो शब्द?" कांताबाईंनी मैत्रेयीला विचारले.

"इव्होल्यूशन. मूळ अर्थ उलगडणं. गुंडाळलेली सतरंजी उलगडते तसं. हळूहळू बदलत गेलेल्या कशालेही लोक तो शब्द लावतात, मशीनलेही. पण मशीन माणसानं बदलवली. जीव पिढ्यानपिढ्या आपसूक बदलत जातात. त्याले उत्क्रांती म्हणतात. ह्या गोगलगाई, आपण, सारे त्यातलेच."

"मंग थे सतरंजी कोन उलगडते?"

"कोनीच नाई, आजी."

 कांताबाईंनी एका शंखावर बोट ठेवले, जसे तान्ह्या बाळाच्या टाळूवर ठेवतात. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अन् म्या चाळीस वर्षं यायच्यावर धुणं आपटलं!"

विक्कीने घण खाली ठेवला. दुसरे दगड आणायला तो गाडी घेऊन नाल्यावर गेला. संध्याकाळी परतला तो रिकाम्या गाडीने.

"काहून रे?" कांताबाईंनी विचारले.

"हरेक गोटा उलटून पाह्यत बसलो, माय. एकही फोडवला नाई."

दुसऱ्या दिवशी त्याने विटा आणल्या.

मित्रांनो, आमच्यापैकी प्रत्येकाच्या पोटात तळे नसेल. तरीही घण उचलण्याआधी दगडावरून एकदा हात फिरवून पाहा. पाया विटांचाही भरता येतो.