उजवा खिसा

आम्ही सगळ्या पोटासाठी परगावाहून आलेल्या. कोणी भांडी घासते, कोणी म्हाताऱ्यांचं करते. माझ्या सुनेने फोनवर आमच्या शिवणकामाचं पेज उघडलं आणि पहिली मोठी ऑर्डर आली. दवाखान्यातल्या सफाईवाल्या बायकांचे एप्रन, किल्ल्यांसाठी खिसा उजवीकडे. ऑर्डर पास झाली तर नव्याने येणाऱ्या बायकांना उतरायला खोली घ्यायची ठरलं होतं. आमच्यातली धाकटी तेव्हा मालकिणीच्या जिन्याखाली झोपत होती.

शिकवणार कोण? अर्थात मी. केस विंचरले, एप्रन अंगात घातला आणि फोनमध्ये बघत लाइव्हवर खिसा कुठे, कसा ते दाखवलं. बायकांनी आपापल्या खोलीत बघून शिवलं.

आले ते सगळे डाव्या खिशाचे.

मी ग्रुपवर तोंड सोडलं. "उजवं-डावं कळत नाही आणि निघाल्या धंदा करायला. घास कुठल्या हाताने खाता गं?" वगैरे. वगैरे जरा लांबलंच.

सुनेने व्हिडिओ माझ्यासमोर धरला. त्यातली बाई डाव्या हाताने कात्री चालवत होती.

"ही डावखुरी कोण?"

"तुम्हीच, आई. पुढच्या कॅमेऱ्यात आरशासारखं उलटं दिसतं. मी मागचा लावा म्हणत होते. तुम्ही म्हणालात, मग माझा चेहरा मला कसा दिसणार."

म्हणाले होते खरी.

पुन्हा लाइव्ह गेले. मागच्या कॅमेऱ्यावर, केस न विंचरता. "चूक माझी. खिसे उसवा. उजवं म्हणजे ज्या हाताने जेवता ती बाजू."

सगळे सुधारून आले. धाकटीचा एक तेवढा डावीकडेच.

"मावशी, मी जेवते डाव्या हाताने."

उसवायला वेळ नव्हता, दवाखान्याची मुकादम बाई दारात उभी. ती एकेका खिशात हात घालून बघत गेली आणि नेमकी त्या एप्रनपाशी थांबली. तिने तो अंगावर चढवला, डाव्या हाताने किल्ल्या आत टाकल्या, बाहेर काढल्या.

"आम्हा डावखुऱ्यांचा विचार कोणी करत नाही हो. सगळे पास. हे सुचलं कोणाला?"

सून माझ्याकडे बघायला लागली. धाकटीही.

"सुचतं एखादीला," मी म्हणाले.

धाकटी आता खोलीत झोपते. पेजवर डावखुऱ्यांचा एप्रन वेगळा ठेवलाय, वर माझा फोटो. मीच काढला, पुढच्या कॅमेऱ्याने. कात्री डाव्या हातात दिसते. तेवढं शोभून गेलं.