मागच्या बाकांचे प्रश्न

गणिताच्या सरांना मागच्या बाकांवरचं नीट ऐकू येत नसे. त्यामुळे त्यांना आपला वर्ग अख्ख्या कॉलेजात सगळ्यांत शांत वाटायचा. टाचणी पडली तरी ऐकू येते, असं ते स्टाफरूममध्ये छाती फुगवून सांगत, तेव्हा बाकीचे चहात तोंड घालून बसत. टाचणी सोडा, मुसळ पडलं असतं तरी सरांना कळलं नसतं.

त्यावर त्यांनी एक तोडगा काढला होता. मागून कुणी काही विचारलं की पहिल्या बाकावरची चष्मेवाली वळून ऐकायची आणि तेच मोठ्याने सरांना सांगायची. एकेक प्रश्न असा नामी असायचा की सरांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. कधी उत्तर सापडलं नाही तर घरी जेवता जेवता ताट सारून वही उघडायचे. या प्रश्नांच्याच जोरावर त्यांनी निवृत्तीनंतर आणखी दोन वर्षं शिकवण्याचा अर्ज लिहिला होता. पोरं विचारताहेत तोवर आपण सांगायचं, असं त्यांनी बायकोला बजावलं. बायकोने हरकत घेतली नाही, फक्त आधी कानाला मशीन लावा म्हणाली.

मशीन लावून सर पहिल्यांदा वर्गात शिरले आणि दारातच गांगरले. केवढा तो कालवा. कुणी फोनवर गाणं लावलेलं, कुणी चक्क शिट्टी वाजवत होतं. मशीनच बिघडलेलं दिसतंय, असं समजून त्यांनी फळ्यावर सिद्धता लिहायला घेतली.

"ए काटकोन, मर ना एकदाचा," मागच्या बाकावरचा दाढीवाला सरांच्या पाठीकडे बघत आरामात म्हणाला. "रोज काय डोकं खातोस?"

वर्ग खिदळला. सरांच्या हातातला खडू जागीच थांबला. आता चष्मेवाली त्याला चांगलं झापेल, असं त्यांना वाटलं. ती नेहमीसारखी उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "सर, तो विचारतोय, तिसऱ्या पायरीतून चौथी कशी निघाली?"

सर तिच्याकडे बघतच राहिले. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होतं, ते त्यांना या वयात कळलं.

"मला ऐकू आलं," ते म्हणाले. "आज कानात मशीन आहे."

कुणीतरी घाईघाईने फोनवरचं गाणं बंद केलं. दाढीवाल्याने मान खाली घातली. नवल म्हणजे सरांना त्याचा राग येत नव्हता. जिभेला हाड नसतं, त्या वयात तर नसतंच. त्यांना वेगळंच काही विचारायचं होतं, आणि त्याचाच धीर होत नव्हता.

"ही पायरी तुला अडली होती का?" त्यांनी चष्मेवालीला विचारलं.

"नाही सर, मला कळली होती." चष्मेवाली म्हणाली. "तुम्ही 'काय म्हणतोय तो' म्हणून विचारायचात. काहीतरी सांगायला हवं होतं."

"आणि आजवरचे बाकीचे प्रश्न? त्यातला एखादा तरी यांचा होता?"

ती खरोखरच आठवू लागली. सर मागच्या बाकांकडे बघत वाट पाहत राहिले. साठ पोरांमधून कुणी हात वर केला नाही.

"एकही नाही, सर," ती म्हणाली.