बारा हातांची नाव

"टेप बजारातून येतो, शेषराव. हा हात या घरात पन्नास वर्सापासून हाये," असे म्हणून अन्नपूर्णाबाई गुडघ्यांवर भार देत गॅरेजच्या फरशीवर खाली बसल्या.

शेषरावाने मोजायचा टेप निमूटपणे खिशात घातला. तो त्यांचा एकुलता एक मुलगा. धरणातली मासळी स्वतःच्या मालवाहू गाडीतून रोज खामगावच्या बाजारात पोचवणारा, पन्नाशीला टेकलेला, चारचौघांत मान असलेला माणूस. पण आईने एकदा बोलून टाकले की त्याचे उत्तर घशातच विरून जाई. पिंपळगाव राजातल्या त्या भोयाच्या घरात सगळ्यांचे असेच होते. अन्नपूर्णाबाईंना त्याचा अभिमान वाटे. ज्या घरात शब्दाला शब्द लागतो ते घर टिकत नाही, असे त्या आल्यागेल्याला सांगत.

मोजणी चालली होती ती एका नावेसाठी. नाव त्यांच्या नवऱ्याची, इंद्रभानची. चौतीस वर्षांपूर्वी त्याने ती सागवानात स्वतः बांधली होती. तरुणपणी लाकूड तासताना त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट पेरभर उडाले होते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे माप. आणि ज्याचे ते बोटच तोकडे, त्याचे माप खोटे. म्हणून प्रत्येक फळीच्या वेळी तो हाक मारी, "अन्नपूर्णा, हात आन." पिठाचा असो, शेणाचा असो, त्या हात धुऊन येत आणि लाकडावर ठेवत. अशी ती नाव बारा हातांची झाली. बारा हात, अन्नपूर्णाबाईंच्या हाताने. ही गोष्ट त्यांनी सुनेला, आता शिकायला बाहेरगावी असलेल्या नातवंडांना, मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाला, इतकेच काय, मतदारयादी तपासायला आलेल्या मास्तरालाही सांगितलेली होती.

आता इंद्रभानला जाऊन चार वर्षे झाली होती. धरणावर बाकी सगळ्यांच्या फायबरच्या नावा आल्या होत्या. लाकडाची ही एकच उरली होती. यंदा तिच्या तळाच्या दोन फळ्या कुजल्या, पाणी अडवायला सांध्यांत ठासलेले सूत गळून गेले, आणि जाळे ओढण्याआधी अर्धा तास पाणी उपसावे लागू लागले. दुरुस्ती करायची तर हिवाळ्यातच. उन्हाळ्यात लाकूड तडकते, पावसाळ्यात सुकत नाही. पण हिवाळ्यात रात्रभर दव पडते आणि ओल्या लाकडावर डांबर धरत नाही. तेव्हा डोक्यावर पक्के छत हवे आणि दाराला आडोसा हवा. पूर्वी अंगणात इंद्रभानचा कुडाचा मांडव होता. आठ वर्षांपूर्वी तो पाडून शेषरावाने त्याच जागी गाडीसाठी शटरचे गॅरेज बांधले होते.

खामगाव रस्त्यावरच्या एका धाब्यावाल्याने दिवाळीपासून नावेसाठी शेषरावाच्या मागे लकडा लावला होता. ती धाब्याच्या दारात उभी करायची, रंगवायची, म्हणजे येणारी माणसे तिच्यात बसून फोटो काढतील. शेषरावाने बिचकत बिचकत ते आईच्या कानावर घातले होते.

"माय, गॅरेजात बसली तं दुरुस्त करू. म्या कुटं नाई म्हनतो? नाई बसली तं मंग त्याले देऊन टाकू."

"बसते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या होत्या. "आन नाई बसली, तं मीच तिले उभी राहून गाडीवर चढवून देईन. माहा शबूद हाये."

म्हणून आज मोजणी. मागच्या भिंतीपासून त्या शटरच्या दिशेने सरकत होत्या. कोपर फरशीला टेकवायचे, हात पुढे ताठ करायचा, आणि बोटाच्या टोकाशी सून वंदनाने खडूने रेघ ओढायची. पुढचे कोपर त्या रेघेवर. फरशी बर्फासारखी गार होती. तिसऱ्या रेघेपाशी वंदनाचा खडू क्षणभर थांबला.

"काय झालं वं?"

"काई नाई, आत्याबाई."

"मंग वढ ना रेघ. मुहूर्त पाह्यतं काय?"

वंदनाने रेघ ओढली. शटरच्या उंबऱ्यापर्यंत बारा हात झाले आणि वर चार बोटे उरली. अन्नपूर्णाबाई सुनेच्या खांद्याचा आधार घेत उठल्या आणि मुलाकडे न पाहता म्हणाल्या, "उद्या टॅक्टर सांग."

नाव आली ती तीन दिवसांनी सकाळी, ट्रॉलीवर पालथी, दोरांनी आवळलेली. उन्हात तिचा काळा तळ उघडा पडला होता. कुजलेल्या फळ्या बोटाने दाबल्या की भुसा निघत होता. बरोबर प्रेमानंद मिस्त्री होता आणि चार गडी. प्रेमानंद कामाचा पक्का आणि जिभेचा सैल.

"मावशी, टेप लावून घेऊ का एक डाव?" त्याने विचारले.

"तुह्या जन्माच्या आंधी मोजेल हाये ते."

"मंग माह्या बापाले विचाराव लागते," प्रेमानंद म्हणाला, आणि गडी हसले. अन्नपूर्णाबाईही ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. तो दिवस त्यांचा होता.

गड्यांनी नाव उतरवली, सुलटी केली, खाली गोल लाकडे सरकवली आणि हळूहळू टोकाकडून आत ढकलली. रुंदीला अडचण नव्हती. टोक अंधारात शिरले, पोट शिरले, आणि मग मागच्या भिंतीवर ठक् असा आवाज झाला. गडी थांबले. नावेचे मागचे टोक अजून उंबऱ्याबाहेर होते. दीड वीत, भर गल्लीत.

"ढकला अजून," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"भितीले टेकली, मावशी."

"मंग तिरपी घ्या."

तिरपी घेतली, तर कोपऱ्यात गच्चीवर जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या आडव्या आल्या. दुसऱ्या अंगाने घेतली, तर पाण्याची टाकी. टोक वर उचलून पाहिले, तर मागची बाजू आणखी बाहेर आली. एवढ्यात कापसाने भरलेली एक गाडी गल्लीत शिरली आणि नावेपाशी येऊन अडली. गाडीवाला खाली उतरून चाकाला टेकून बिडी ओढू लागला. त्या अरुंद गल्लीत फेब्रुवारीपर्यंत रोज अशा दहा गाड्या जायच्या होत्या. दीड वीत काय, चार बोटेही तिथे सोडता आली नसती.

प्रेमानंदाने आता कोणाला विचारले नाही. टेप काढला, आधी खोली मोजली, मग नाव.

"खोली सव्वासोळा फूट. नाव सव्वासतरा." त्याने टेप सर्रकन आत जाऊ दिला. "लाकूड पानी पिऊन फुगते, मावशी. पन फूटभर नाई फुगत."

या वेळी कोणी हसले नाही.

अन्नपूर्णाबाई नावेपाशी गेल्या. त्यांनी काठावर कोपर टेकवले आणि मोजायला सुरुवात केली. सगळे पाहत उभे होते. एक, दोन, तीन. टोकापर्यंत पोचेपर्यंत तेरा हात होत आले. ज्या नावेची प्रत्येक फळी त्यांच्या हाताखालून गेली होती, ती नाव त्यांच्याच हाताने हातभर वाढली होती.

मग त्यांनी हात उन्हात धरला. हात ताठ केला आहे, असे त्यांना आतून स्पष्ट जाणवत होते. पण मधले बोट सरळ नव्हते. ते पेरापाशी आत वळले होते, आणि कितीही ताणले तरी तसेच राहत होते. दुखते हे त्यांना ठाऊक होते. तीन हिवाळे त्या भाकर तळव्याने थापत होत्या, बोटांनी नाही. आणि हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून चुलीपाशी पाठ करून बसत होत्या. दुखणे त्यांनी लपवले होते. आखडणे मात्र त्यांना स्वतःलाच कळले नव्हते. इंद्रभानला आपले बोट तोकडे आहे हे ठाऊक होते, म्हणून तर तो दुसऱ्याचा हात मागत असे.

खाली फरशीवर तीन दिवसांपूर्वीच्या खडूच्या रेघा अजून होत्या.

"वंदना," त्यांनी हाक मारली.

वंदना पदर सावरून पुढे आली. बावीस वर्षे ती या घरात होती.

"त्या दिसी तुहा खडू थांबला होता."

वंदनाने फरशीवरच्या रेघांकडे पाहिले.

"तुले दिसलं होतं."

"हाव, आत्याबाई."

"मंग बोलली काऊन नाई?"

वंदनाने नवऱ्याकडे पाहिले, मिस्त्रीकडे पाहिले. आता बोलावेच लागणार होते आणि ते चारचौघांत बोलावे लागणार होते. ती अगदी हळू म्हणाली, "तुमाले कोन सांगन?"

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. विहिरीला पाणी किती आहे हे सांगावे, तसे ते तिने सांगितले होते. अन्नपूर्णाबाईंना वाटले, हिने भांडण केले असते तर बरे झाले असते.

शेषराव पुढे झाला. त्याने मागच्या भिंतीवर हात मारून पाहिला. "माय, हे भित पातळ हाये. मांगं तुहीच खोली हाये. प्रेमानंद, फूटभर भगदाड पाडलं तं पडन का छत?"

"नाई पडत. बीम वरतून गेला हाये. टोक तेवढं मावशीच्या खोलीत जाईन," प्रेमानंद म्हणाला. "मावशीचा पलंग सरकवा लागन."

"मंग फोडू. दोन महिन्याचं तं काम हाये. माय, तू फकस्त हो म्हन."

सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. बिडी ओढणारा गाडीवालाही पाहत होता. एक शब्द पुरेसा होता. गडी पहार आणायला धावले असते, भिंत तासाभरात फुटली असती, नाव वाचली असती. ही भिंत बांधताना शेषरावाने किती हौस केली होती, हे त्यांना आठवत होते. त्याला ती फोडायची होती का? वंदनाला दोन महिने घरभर डांबराचा वास हवा होता का? ते दोघेही हो म्हणतील, हे नक्की होते. आणि त्या 'हो'चा अर्थ काय, हे आता आपल्याला कधीच कळणार नाही, हेही त्यांना त्या क्षणी नक्की कळले. तीन दिवसांपूर्वीही या घराने होच म्हटले होते.

धाब्याच्या दारात, उघड्या उन्हात, एका उन्हाळ्यात फळ्यांचे सांधे उघडतील. दोन उन्हाळ्यांत ती पाण्यात टाकण्याजोगी राहणार नाही. हे त्यांच्याइतके तिथे कोणाला ठाऊक नव्हते.

"भित फोडाची नाई," त्या म्हणाल्या. "काय बोलली होती मी, शेषराव?"

"माय, जाऊ दे ना ते बोलनं."

"काय बोलली होती?"

शेषरावाने भिंतीवरचा हात काढून घेतला.

"चढवा ट्रॉलीवर. आन थ्या गाडीवाल्याले वाट द्या, कवाचा उभा हाये बिचारा."

त्या खरोखर उभ्या राहिल्या. गडी नाव बाहेर ओढत असताना, पालथी करत असताना, दोर आवळत असताना त्या दारात उभ्या होत्या. एक दोर सैल दिसला तो त्यांनी पुन्हा बांधायला लावला. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा त्यांनी वंदनाला आणि शेषरावाला जवळ बोलावले.

"आजपासून एक सांगून ठेवते. माहं चुकलं तं तोंडावर सांगाचं. दोघायनंबी. समजलं?"

"हाव, माय."

"हाव, आत्याबाई."

शेषराव ट्रॅक्टरमागे गेला. वंदनाने फडके ओले करून फरशीवरच्या रेघा पुसल्या. ते तिला कोणी सांगितले नव्हते.

शेषराव सांजेला परतला. नाव कशी ठेवली, कुठे ठेवली, हे अन्नपूर्णाबाईंनी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. गार वारा सुटला होता. स्वयंपाकघरात वंदना भाकरी करत होती. वरणाला मीठ घालण्याचे काम या घरात अजूनही अन्नपूर्णाबाईंकडे होते. त्यांनी मिठाचा डबा उघडला, चिमूट उचलली, वरणावर धरली आणि पुन्हा डब्यात टाकली. वंदनाची पाठ होती. त्यांनी डबा बंद केला आणि वरण एकदा ढवळले.

तिघे जेवायला बसले. शेषरावाने भाकर मोडली, वरणात बुडवली, पहिला घास घेतला. त्याचे चावणे क्षणभर थांबले, मग पुन्हा सुरू झाले. वंदनाने दोन घास खाल्ले आणि पाण्याचा गडू जवळ ओढला.

अन्नपूर्णाबाईंनी थांबून पाहिले. सांगितलेल्या गोष्टीला अजून एक दिवसही झाला नव्हता.

"वरन कसं झालं?" त्यांनी विचारले.

"चांगलं झालं, माय," शेषराव म्हणाला, आणि त्याने वाटी पुढे केली. "अजून वाढ."

त्यांनी वंदनाकडे पाहिले. वंदनानेही होकाराची मान हलवली. तिच्या डोळ्यांत काय होते, धाक की दया, हे त्यांना ओळखता आले नाही.

त्यांनी मुलाला वरण वाढले, आणि मग स्वतःचे अळणी वरण शेवटच्या घासापर्यंत खाल्ले.